दोन वर्षं धावूनही वेळ का हलत नाही?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. वय ४१, दोन वर्षांपासून धावताय. आठवड्यातून चार दिवस, दर वेळी सात-आठ किलोमीटर, किलोमीटरला जवळपास ६ मिनिटांच्या पेसने (पेस म्हणजे एका किलोमीटरला लागणारा वेळ). १० किलोमीटरची सर्वोत्तम वेळ ५८ मिनिटं, आणि गेल्या आठ महिन्यांत ती तसूभरही हललेली नाही. लाँग रन, म्हणजे आठवड्यातलं सर्वांत लांब धावणं, १२ किलोमीटरच्या पुढे कधी गेला नाही. अधूनमधून नडगी दुखते. सोळा आठवड्यांनी हाफ मॅरेथॉन आहे आणि ती २ तास १० मिनिटांच्या आत करायची आहे. शेवटी तुम्ही लिहिलंय: "आणखी जोर कुठून आणू? की वेळेचा नाद सोडून नुसतं आनंदासाठी धावू?"

जोर तुमच्याकडे पुरेसा आहे. तो चुकीच्या दिवशी खर्च होतोय.

आकडे शेजारी-शेजारी ठेवून बघा. ५८ मिनिटांत १० किलोमीटर म्हणजे किलोमीटरला ५:४८. रोजचा सराव ६:०० ने, म्हणजे शर्यतीच्या वेगापेक्षा जेमतेम १२ सेकंद सावकाश. आता हाफ मॅरेथॉनचं अंतर २१.०९७५ किलोमीटर, ते २:१० मध्ये संपवायला पेस लागतो ६:१० चा. म्हणजे ज्या वेगाने शर्यत धावायची आहे, त्याहून जास्त वेगाने तुम्ही दर मंगळवारी आणि गुरुवारी धावताय. वेग आधीच हाताशी आहे. दोन तास तो वेग धरून ठेवणारे पाय आणि इंधनव्यवस्था अजून तयार नाही, आणि सध्याची पद्धत ती तयार होऊ देत नाही. तुमची खरी अडचण ही आहे.

लक्ष्य अवाजवी आहे का? अजिबात नाही. पीटर रीगल नावाच्या अमेरिकन अभियंत्याने १९७७ मध्ये मांडलेलं एक साधं सूत्र आजही शर्यतीच्या वेळेचा अंदाज देणाऱ्या बहुतेक कॅल्क्युलेटरमागे असतं: दोन अंतरांचं गुणोत्तर घ्या, त्याचा १.०६ वा घात काढा आणि त्याने जुन्या वेळेला गुणा. तुमच्या ५८ मिनिटांवरून हाफचा अंदाज २ तास ८ मिनिटं येतो. पण या सूत्रात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे: लांब अंतरासाठी लागणारा सराव झालेला आहे. तुमचा तो झालेला नाही. आज धावलात तर १४-१५ किलोमीटरपर्यंत छान जाल आणि पुढे पाय जड होऊन पेस ७:०० च्या पलीकडे घसरेल. येत्या सोळा आठवड्यांचं काम ही घसरण थांबवण्याचं आहे.

आता वेळ का अडकली ते बघू. तुम्ही जेमतेम एक तास टिकवू शकाल असा वेग म्हणजे ढोबळमानाने तुमचा थ्रेशोल्ड. तो सध्या ५:५० च्या आसपास असणार. त्याच्या वर गेलं की रक्तात लॅक्टेट (जोराच्या मेहनतीत स्नायूंत तयार होणारा पदार्थ) साचू लागतं आणि थोड्याच वेळात थांबावं लागतं. ६:०० हा पेस त्याच्या अगदी कडेला आहे. या वेगात धाप लागते पण सोसते, घाम निघतो, घरी आल्यावर व्यायाम झाल्यासारखा वाटतो. म्हणूनच हौशी धावपटू इथे अडकतात. सुरुवातीचे काही महिने यातून सुधारणा होतेही, कारण नवख्या शरीराला काहीही दिलं तरी ते वाढतं. मग तेच शरीर त्या ओझ्याला सरावतं आणि थांबतं.

हा मधला वेग दोन्हीकडून नुकसान करतो. तो इतका कठीण आहे की पाय सावरायला दीड-दोन दिवस लागतात, त्यामुळे अंतर वाढवता येत नाही. आणि त्या थकव्यामुळे ज्या दिवशी खरोखर जोरात धावायला हवं, त्या दिवशी पाय उचलत नाहीत. चारही दिवस एकाच चवीचे होतात.

सावकाश धावण्यातून जे मिळतं, ते मिनिटांच्या हिशोबाने मिळतं. हृदय दर ठोक्याला जास्त रक्त ढकलायला शिकतं. स्नायूंभोवती केशवाहिन्यांचं जाळं दाट होतं. पेशींत ऊर्जा तयार करणाऱ्या मायटोकाँड्रियांची संख्या आणि क्षमता वाढते, त्यामुळे त्याच वेगाला चरबीचा वाटा वाढतो आणि ग्लायकोजेनची, म्हणजे स्नायूंत साठवलेल्या साखरेची, बचत होते. या सगळ्याला धाप लागण्याची गरज नसते, वेळ मात्र भरपूर लागतो. ६:०० ने तुम्ही पाऊण तासात दमता; ७:१५ ने दोन तास धावून दुसऱ्या दिवशी जिना नीट उतराल.

मग सावकाश म्हणजे किती? तुमच्यासाठी ७:०० ते ७:३०. हो, सध्यापेक्षा किलोमीटरला मिनिटभर किंवा त्याहून जास्त सावकाश. कसोटी घड्याळाची ठेवू नका, बोलण्याची ठेवा: धावताना सलग तीन-चार लांब वाक्यं मध्ये श्वास न तोडता बोलता आली पाहिजेत. दोन-तीन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागला, तर तो सोपा रन नव्हे. हार्ट रेटवर चालत असाल तर २२० वजा वय या सूत्रावर झोन (हृदयगतीचे टप्पे) आखू नका. त्यात एखाद्या माणसाच्या बाबतीत १०-१२ ठोक्यांची चूक दोन्ही बाजूंना सहज पडते. मनगटावरच्या सेन्सरची आणखी एक खोड आहे. कधीकधी तो नाडीऐवजी पावलांचा ठेका मोजतो आणि सोप्या रनलाही १६५-१७० दाखवतो. बोलता येत असेल आणि घड्याळ घाबरवत असेल, तर बोलण्यावर विश्वास ठेवा. आकडेच हवे असतील तर छातीचा पट्टा घ्या.

पहिले दोन आठवडे हे फार अवघड जाईल, आणि अवघडपणा मनाचा असेल. ७:१५ ने धावताना आपण रांगतोय असं वाटतं, बाजूने लोक पुढे जातात, ॲपवर आकडे वाईट दिसतात. म्हणून घड्याळाच्या स्क्रीनवरून पेस काढून टाका, फक्त गेलेला वेळ ठेवा. सोप्या दिवशी तुमच्यापेक्षा वेगवान मित्राबरोबर धावू नका. गप्पांच्या ओघात पाच-पाच सेकंद करत पेस ६:२० वर कधी येतो ते कळतच नाही. चढ आला आणि बोलणं तुटलं तर चाला. चालण्यात कमीपणा नाही: १९७२ च्या ऑलिंपिकमध्ये १०,००० मीटर धावलेले जेफ गॅलोवे यांनी पुढे आयुष्यभर हौशी धावपटूंना ठरवून मध्येमध्ये चालायलाच शिकवलं. उन्हात किंवा दमट हवेत तोच सोपा रन ७:४५ चा होईल. होऊ द्या. शरीराला मेहनत कळते, पेस कळत नाही.

सावकाश धावताना एक तांत्रिक चूक हमखास होते. लोक वेग कमी करताना पावलांची संख्या कमी करतात आणि पाऊल लांबच ठेवतात. मग पाय शरीराच्या फार पुढे पडतो, टाच आदळते, गुडघा आणि नडगी मार खातात. वेग कमी करायचा तो पाऊल आखूड करून. मिनिटाला १८० पावलांचा आकडा तुम्ही ऐकला असेल. तो अमेरिकन प्रशिक्षक जॅक डॅनियल्स यांनी १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमधल्या धावपटूंची पावलं मोजून काढला, आणि ते धावपटू शर्यतीच्या वेगात होते. तुमच्या सोप्या रनला १६० ते १६८ चालेल. १५५ च्या खाली असेल तर ५ टक्के वाढवा, म्हणजे १५२ असेल तर १६०. एकदम १८० वर जायचा प्रयत्न केला तर पोटऱ्या धरतील.

ही सावकाशीची कल्पना नवी नाही. न्यूझीलंडचे आर्थर लिडियर्ड बुटांच्या कारखान्यात काम करायचे आणि परिसरातल्या नोकरदार मुलांना धावायला शिकवायचे. २ सप्टेंबर १९६० रोजी रोम ऑलिंपिकमध्ये त्यांच्या दोन शिष्यांनी, पीटर स्नेल यांनी ८०० मीटरमध्ये आणि मरे हॅलबर्ग यांनी ५,००० मीटरमध्ये, तासाभराच्या अंतराने सुवर्णपदकं जिंकली. दोन मिनिटांच्या आत संपणाऱ्या शर्यतीसाठी स्नेल रविवारी डोंगराळ रस्त्यावर ३५ किलोमीटर धावत असत. आधी पाया, मग वेग, हा क्रम तिथून जगभर गेला. पुढे लिडियर्ड यांनी ऑकलंडमधल्या मध्यमवयीन, हृदयविकार झालेल्या माणसांनाही गप्पा मारता येतील अशा वेगाने धावायला लावलं. अमेरिकन प्रशिक्षक बिल बाउअरमन तिथे गेले, त्यांच्याबरोबर धावले आणि सत्तरी ओलांडलेल्या एका गृहस्थाच्या मागे पडले. मायदेशी परतून त्यांनी जॉगिंगचा प्रसार केला.

अव्वल खेळाडूंच्या सरावाचा अभ्यास करणारे स्टीफन सायलर यांनाही हेच दिसलं: सहनशक्तीच्या खेळांत दर पाच सरावांपैकी साधारण चार सोपे असतात. चार दिवस धावणाऱ्याने याचा अर्थ तीन सोपे आणि एक कठीण असा घ्यावा. मात्र इथे एक अट आहे. कोणी आठवड्यातून दोनच दिवस धावत असेल, तर त्याला हे प्रमाण लावायची गरज नाही. मध्ये एवढी विश्रांती मिळते की दोन्ही दिवस मध्यम वेगाने धावले तरी चालतं. चार दिवसांपासून पुढे मात्र सोपं-कठीण वेगळं करावंच लागतं.

आता सोळा आठवड्यांची आखणी. वार तुमच्या सोयीने बदला, पण कठीण रन आणि लाँग रन यांच्यात दोन रात्री जाऊ द्या. चाळिशीनंतर हे अंतर विशीपेक्षा जास्त महत्त्वाचं होतं. सगळं किलोमीटरऐवजी मिनिटांत मोजा. किलोमीटर मोजले की ते लवकर संपवण्याचा मोह होतो. मिनिटं घाईने संपत नाहीत.

पहिले चार आठवडे फक्त सोपं धावणं. मंगळवार ४५ मिनिटं, गुरुवार ४५, शनिवार ४० आणि रविवारी लाँग रन: ७५, ८०, ८५ आणि चौथ्या आठवड्यात हलका ६५. अंतर भरेल साधारण २८-२९ किलोमीटर, म्हणजे तुमच्या सध्याच्या ३० च्या आसपासच. अंतर वाढवत नाही, फक्त वेग उतरवतो आहोत. शनिवारच्या रनच्या शेवटी चार ते सहा स्ट्राइड्स: २० सेकंद वेगाने पण सैल अंगाने, मग मिनिटभर चालणं. जीव तोडायचा नाही. सगळं सावकाश धावताना पायांची चपळाई जाऊ नये, एवढ्यासाठीच त्या आहेत.

पाचव्या ते दहाव्या आठवड्यात गुरुवारी टेम्पो, म्हणजे थ्रेशोल्डच्या वेगाचा सराव, येतो. आधी १५ मिनिटं सोपं धावायचं, मग ५:५० च्या पेसने तुकडे, मध्ये दोन मिनिटं जॉग, शेवटी १० मिनिटं सोपं. पाचव्या आठवड्यात ६ मिनिटांचे तीन तुकडे, सहाव्यात चार, सातवा हलका म्हणून ८ मिनिटांचे दोन, आठव्यात १० मिनिटांचे तीन, नवव्यात १५ मिनिटांचे दोन. इथली ठरलेली चूक म्हणजे पहिला तुकडा ५:३० ने धावणं. तुकडा छान होतो, पण मग तो टेम्पो राहत नाही. थ्रेशोल्ड ओलांडला जातो, शेवटचा तुकडा कोसळतो आणि रविवारचा लाँग रन वाया जातो. सराव संपल्यावर "अजून एक तुकडा झाला असता" असं वाटलं, तर वेग बरोबर होता. या काळातले लाँग रन ९०, १००, ७५, १०५, ११५ मिनिटं. दहाव्या आठवड्यात टेम्पो नाही, आणि रविवारी लाँग रनऐवजी १० किलोमीटरची चाचणी.

अकराव्या ते चौदाव्या आठवड्यात लाँग रनमध्ये शर्यतीचा पेस मिसळतो. अकराव्यात सलग १२० मिनिटं सोपं. बाराव्यात १३० मिनिटं, त्यातली शेवटची ३० मिनिटं ६:१० ने. तेरावा हलका, ९० मिनिटं. चौदाव्यात १३५ मिनिटं, शेवटची ४० मिनिटं ६:१० ने. हा साडेएकोणीस किलोमीटरच्या आसपास जाईल आणि याहून लांब जायची गरज नाही. थकलेल्या पायांवर लक्ष्य-पेस धरणं हे शर्यतीच्या सर्वांत जवळचं काम आहे, म्हणून ते शेवटी ठेवलं. गुरुवारी १० चे तीन किंवा १५ चे दोन तुकडे तसेच चालू द्या, तेराव्यात निम्मे. शेवटचे दोन आठवडे टेपर: एकूण वेळ आधी ७० टक्क्यांवर, मग निम्म्यावर आणायचा, पण टेम्पोचे दोन छोटे तुकडे ठेवायचे. टेपरमध्ये पूर्ण झोपून राहिलं तर पाय बोथट होतात. उरलेला सराव भरून काढायला गेलं तर थकून स्टार्ट लाइनवर उभं राहावं लागतं.

या आखणीत एक तडजोड आहे. लाँग रन आठवड्याच्या एकूण धावण्याच्या पाव ते तीस टक्के असावा असं म्हणतात. चार दिवसांत तो चाळीस टक्क्यांच्याही पुढे जातो. पाचवा दिवस मिळत असेल तर ३० मिनिटांचा अगदी सोपा रन घाला, ओझं वाटलं जाईल. नसेल मिळत तर लाँग रन आणखी सावकाश करा आणि एका रविवारी दहा मिनिटांहून जास्त उडी फारशी मारू नका. आठवड्याला १० टक्के वाढीचा नियम सगळे सांगतात. माझ्या अनुभवात आठवड्याच्या बेरजेपेक्षा एखाद्या रनला अचानक घेतलेली मोठी उडी जास्त जणांना जायबंदी करते.

इथवरचं थोडक्यात: तीन रन बोलता येईल असे, एक ५:५० च्या टेम्पोचा, रविवार हळूहळू सव्वादोन तासांपर्यंत, दर तीन-चार आठवड्यांनी एक हलका आठवडा.

नडगीकडे आता वळतो, कारण ती बिघडली तर वरचं सगळं कागदावर राहील. हृदय आणि फुप्फुसं काही आठवड्यांत तयार होतात. कंडरा आणि हाडांना महिने लागतात. दम आहे म्हणून पळत राहावं आणि हाडाला झालेली सूक्ष्म झीज भरून यायला वेळच मिळू नये, अशी ती भानगड असते. दुखणं कोणत्या प्रकारचं आहे ते आधी ओळखा. नडगीच्या आतल्या कडेला, चार बोटं किंवा त्याहून लांब पट्ट्यात दुखतंय, सुरुवातीला जाणवतं आणि अंग गरम झाल्यावर कमी होतं, तर ते बहुधा शिन स्प्लिंट्स. बोटाने दाबल्यावर एकाच बिंदूवर कळ येते, त्या पायावर उडी मारली की झटका बसतो, धावताना दुखणं वाढतच जातं किंवा रात्री झोपेतही ठणकतं, तर हाडाला भेग पडत असण्याची शक्यता आहे. तेव्हा धावणं त्याच दिवशी बंद करून अस्थितज्ज्ञांकडे जा. सुरुवातीच्या काळात अशी भेग एक्स-रेमध्ये बऱ्याचदा दिसत नाही. एक्स-रे स्वच्छ आला आणि बिंदूवरची कळ तशीच असेल, तर एमआरआयबद्दल विचारा.

पहिल्या प्रकारात पूर्ण थांबायची गरज सहसा पडत नाही. दुखण्याला दहापैकी गुण द्या. तीनपर्यंत असेल आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उरत नसेल तर धावा; त्यापुढे गेलं तर त्या दिवशी तेवढीच मिनिटं सायकल चालवा. पोटरीचा व्यायाम एक दिवसाआड: पायरीच्या कडेवर उभं राहून टाचा वर-खाली, १५ चे तीन संच गुडघा सरळ ठेवून आणि १५ चे तीन गुडघा किंचित वाकवून. दुसरा प्रकार लोक गाळतात, पण खोलवरचा सोलियस स्नायू त्यानेच तयार होतो आणि धावताना सर्वांत जास्त भार तोच घेतो. दोन्ही पायांनी सोपं झालं की एका पायावर या. एका पायावर सलग २५ नीट झाले की नडगीची तक्रार बहुतेकदा मागे पडलेली असते. त्याच्या जोडीला स्क्वॅट, एका पायावरचा ब्रिज आणि साइड प्लँक, आठवड्यातून दोनदा वीस मिनिटं. हा व्यायाम टेम्पोच्या दिवशी संध्याकाळी करा, म्हणजे सोपा दिवस खरोखर सोपा राहतो.

बुटांबद्दल फारसं सांगण्यासारखं नाही. घालून आरामदायक वाटतो तो बूट. ५०० ते ८०० किलोमीटरच्या दरम्यान फोम बसतो; तुमचे दोन वर्षं तेच असतील तर कधीच बसला आहे, आणि नडगीत त्याचाही हात असू शकतो. नवा जोड शर्यतीच्या किमान तीन आठवडे आधी वापरायला काढा.

दोन तासांहून लांब शर्यतीत खाणं लागतं. तासाला ३० ते ६० ग्रॅम कार्बोहायड्रेट, पहिला घास किंवा जेल ४० मिनिटांच्या आसपास, भूक लागण्याआधी. पोटालाही सराव लागतो, त्यामुळे ९० मिनिटांवरच्या प्रत्येक लाँग रनमध्ये तेच खा जे शर्यतीत खाणार आहात. पाणी तहानेप्रमाणे. पाण्याच्या प्रत्येक स्टेशनवर पोट भरून पिणं धोक्याचं आहे: २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं, तेव्हा १३ टक्क्यांच्या रक्तात सोडियम प्रमाणाबाहेर उतरलेलं होतं, आणि त्याचा संबंध जास्त पिऊन वजन वाढण्याशी होता. शर्यत संपल्यावर वजन सुरुवातीपेक्षा जास्त भरलं तर तुम्ही गरजेपेक्षा जास्त प्यायलात.

शर्यतीच्या दिवशी घड्याळ थोडी दिशाभूल करेल. अधिकृत मार्ग सर्वांत छोट्या रेषेने मोजतात आणि वर अंतर कमी पडू नये म्हणून हजारात एक भाग वाढवतात. तुम्ही वळणांवर बाहेरून जाणार, गर्दीत नागमोडी धावणार, त्यात जीपीएसची चूक, घड्याळ २१.३ किलोमीटर दाखवेल. म्हणून २:१० साठी घड्याळावरचा सरासरी पेस ६:०५ हवा, ६:१० वर राहिलात तर मिनिट-दीड मिनिटाने हुकेल. पहिले तीन किलोमीटर ६:२० ने जा, सोपं वाटलं तरी. पंधराव्या किलोमीटरपर्यंत ६:०५, आणि नंतर पाय जे देतील ते. पहिल्या तीन किलोमीटरमध्ये अर्धा मिनिट कमावणारा माणूस शेवटच्या चारमध्ये तीन-चार मिनिटं घालवतो.

राहिला तुमचा दुसरा प्रश्न: वेळेचा नाद की आनंद. मला ही निवड खरी वाटत नाही. वेळ हे मोजमाप म्हणून उत्तम आहे, कारण पद्धत बरोबर आहे का ते त्यातून कळतं. त्रास होतो तो रोजच्या रनला परीक्षा केल्यामुळे. वर्षात दोन-तीन दिवस परीक्षेचे ठेवले आणि बाकीचे सगळे दिवस नुसते धावण्याचे, तर दोन्ही एकाच आयुष्यात मावतात. आणि सोपा रन खरंच सोपा झाला की आनंद वेगळा शोधावा लागत नाही. सकाळ दिसते, सोबत्याशी बोलता येतं.

हौशी असणं म्हणजे कमी दर्जाचं असणं, हा समजही काढून टाका. जपानचे युकी कावाउची सैतामा प्रांतातल्या सरकारी शाळेच्या कार्यालयात पूर्णवेळ नोकरी करत होते. व्यावसायिक धावपटू दिवसातून दोनदा सराव करतात. यांना एकदाच जमायचं. २०१८ मध्ये थंडगार पावसात आणि समोरून येणाऱ्या वाऱ्यात त्यांनी बोस्टन मॅरेथॉन २:१५:५८ मध्ये जिंकली. नोकरी सोडून ते पूर्णवेळ धावपटू झाले ते पुढच्या वर्षी. त्यांची क्षमता तुमची-आमची नाही, पण मर्यादा ओळखीची आहे: दिवसाला एकच संधी, आणि ती कशासाठी वापरायची ते आधी ठरवलेलं.

तुमचे आठवडे मोडणारच आहेत. कामाचा ताण येईल, घरात आजारपण येईल. तेव्हा काय सोडायचं याचा क्रम आत्ताच ठरवा. आधी शनिवारचा रन सोडा, मग मंगळवारचा, त्यानंतर टेम्पो. लाँग रन सर्वांत शेवटी. चुकलेला रन दुसऱ्या दिवशी भरून काढू नका. बहुतेक दुखापतींच्या आधी असा एखादा भरपाईचा आठवडा सापडतो. सलग तीन रात्री सहा तासांहून कमी झोप झाली असेल तर टेम्पोऐवजी सोपं धावा. ताप असताना धावू नका, उतरल्यावरही दोन दिवस थांबा. एक आठवडा पूर्ण बुडाला तर पुढचा सत्तर टक्क्यांनी करा आणि मग आखणीत परत या. फिटनेस एका आठवड्यात जात नाही, दहा-बारा दिवसांनंतर हळूहळू उतरू लागतो. घरच्यांना रविवारची वेळ आधीच सांगून ठेवा आणि ती पाळा. दोन तास म्हणून साडेतीन तासांनी परतणाऱ्याचा सराव चार महिने टिकत नाही.

दहाव्या आठवड्याच्या चाचणीवरून लक्ष्य नक्की करू. १० किलोमीटर ५७ मिनिटांच्या आत आलं तर हाफचा अंदाज २:०६ च्या खाली जातो, मग २:१० साठी निर्धास्त राहा. ५७ ते ५८:३० आलं तर आखणी आहे तशीच चालू द्या. ६० च्या पुढे गेलं तर आधी झोप आणि सोप्या रनचा पेस तपासा, रक्तात हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातल्या लोहाच्या साठ्याचं मोजमाप) बघून घ्या, आणि सुरुवात ६:२५ ने करायची असं ठरवा. चाचणी झाली की वेळ आणि त्या दिवशीची हवा इथे लिहा, शेवटच्या चार आठवड्यांचे पेस त्यावरून बदलून देतो.